छाटीचा कागद

न्हाय, बसा म्हटलेलं न्हाय मी. हुबं राहूनच बोला, बाई. बेळगावच्या कालेजात गणित शिकवताय, मान्य — पण हा निपाणीचा बिडी कारखाना हाय, आणि थोड्या वेळात ह्या टेबलाफुडं बायकांची रांग लागणार. तर काय ते लवकर. हा कागद? बघितला की. मधी उभी रेघ, डावीकडं दोनपासनं नऊपत्तर आकडे, उजवीकडं मुंग्यांवाणी बारीक आकडे. रेघंच्या डावीकडचं खोड, उजवीकडची पानं, असं म्हणालता न्हवं? आमचा सारा जन्म पानात गेला, आणि तुम्ही आम्हाला पानं शिकवाय आला.

समजलंय वो, परत नका सांगू. डावीकडं दशक, उजवीकडं एकक. दोनाफुडं एक म्हंजे एकवीस — म्हंजे एका बाईनं हजार बिड्या वळून आणल्या, त्यातल्या एकवीस मी छाटल्या. वाकडी, पोकळ, फाटक्या पानाची, ती बाजूला. एक पान म्हंजे एक बाई, पंचवीस बायका, पंचवीस पानं. पंधरा वर्सं चेकर हाय मी, मोजायचं मला कुणी शिकवू नये. मालकांच्या कागदावर सरासरी लिव्हलीया — त्रेचाळीस. मग झालं की. त्रेचाळीस काय लई हाय व्हय? — व्हय, दिसतंय मला, चाराफुडं एक आणि दोन, एवढंच. त्रेचाळीस छाट एकीची बी न्हाय. न्हाय तर न्हाय. सरासरी म्हंजे कुणाच्या घरचं माणूस असतंय व्हय?

दोनाची आणि तिनाची ओळ लांब, पाच-सहा-सात रिकामी, आणि खाली आठात दोघी, नवात तिघी. एवढं दाखवायला यष्टीनं आला तुम्ही? काय म्हणालात — नवशिक्या? हात बसला नसंल? कुणाचा? अवो, सत्त्याण्णववाली नागुबाई हाय ती! अख्ख्या निपाणीत तिच्यावाणी बिडी वळणारी दुसरी दाखवा मला. डोळं झाकून वळती, एकसारखी. नवशिकी म्हणं! मागल्या शनवारच्या छाटीच्या चिठ्ठ्यांवरची नावं कापून दिलती तुमास्नी, मालकांनी तसंच सांगितलंतं, पण मला नाव कशाला लागतंय? शहाऐंशी यल्लव्वा, एकोणनव्वद बायडाबाई, चौऱ्याण्णव गंगव्वा. सगळ्या जुन्या, सगळ्या हाताच्या पक्क्या.

पानं खराब? एकाच पोत्यातली पानं वाटतो मी सगळ्यास्नी, माझ्या हातानं. मग कसं म्हणजे? मजुरी वाढवा म्हणून बायकांनी मोर्चा काढलता, त्यात फुडं कोण हुतं ते बघा जावा. झेंडा धरायला हात मोकळा असला की बिडी वाकडी होणारच. तीन शनवार ऐंशीच्या वर छाट गेली की कामाचं कार्ड जातंय, नियम हाय, भितीवर लावलाय, वाचा. कार्ड गेलं की निपाणीत दुसऱ्या कुठल्या कारखान्यात घेत न्हाईत. नागुबाईचा नवरा छातीच्या दुखण्यानं झोपून हाय, दोन पोरी पदरात, हे मला तुमच्या आधीपासनं म्हाईत हाय. मी काय करू? आजचा तिसरा शनवार. आज तिची अठ्ठ्याण्णव निघंल, आणि संपलं.

काय? — आलेली न्हाय अजून. म्हाईत हाय मला आलेली न्हाय ते. अंदाज सांगितला. पंधरा वर्सांत माणसाला अंदाज येत न्हाय व्हय?

असं बघू नका माझ्याकडं. मी काय वैर धरून बसलोय त्यांच्यावर? बरं, ही एक राहिली बघा, नवाफुडं एक, एक्क्याण्णव. कोण म्हाईत हाय? अंबुबाई. माझी थोरली बहीण, सख्खी. आई गेल्यावर हिनं वाढवलं मला, हिनं बिड्या वळून सातवीपत्तर शिकवलं, म्हणून ह्या टेबलामागं बसलोय. ती बी मोर्चात गेलती. तिची बी छाट काढली मी, तिच्या डोळ्यादेखत. घरचं माणूस सोडलं न्हाय, आता बोला. वरनं आकडा आला की चेकरनं बहीण बघायची न्हाय. — वरनं म्हंजे वरनं. मालकांचं नाव मी घेतलेलं न्हाय, तुम्ही बी घेऊ नका.

खरी किती निघाली असती? कशाला पायजे तुमास्नी? काढलीती मी, रांग गेल्यावर, एकटाच बसून. सगळी परत निवडली. एकतीस. आक्काची छाट एकतीस हुती.

काय लिव्हताय? खोडा ते. तिनाच्या ओळीत कशाला घातली तिला — खोडा म्हंतो न्हवं! आणि ही नावं कुणी लिव्हली हितं, पानापानाला? मी... मी सांगितली व्हय?

कागद हिकडं द्या. बाई, कागद द्या.

न्हाय देत? मग जावा. रांगंतनं जाऊ नका, मागच्या दारानं जावा. आणि त्या दाराशी आक्का बसलेली असंल, पांढऱ्या केसांची — तिला दावू नका तेवढं.