धक्का उद्धवरावानंच मारला पाह्यजे

…अन् वरून म्हंते काय, "जोर लगाओ जवाईबापू, जोर लगाओ!" आता तुमीच सांगा, हे काय नवरदेवाले म्हनायचं वाक्य आहे? अंगाले हळद, डोक्यावर फेटा, पायात टोचनाऱ्या नव्या मोजड्या, अन् अशा मानसाले भर दुपारी धामणगावच्या वेशीवर गाडीतून खाली उतरवायचं! अहो, हळद लागलेल्या मानसाले आपल्या इकडे कोनी अंगनात एकटं सोडत नाई, अन् मी ट्रकच्या धुरात, कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून कॉन्टेसा ढकलून राह्यलो! काहून, तं पेट्रोल भरायचं राह्यलं म्हने. गाडीत मागं दोन करवल्या अन् एक गुडघे दुखनारी आत्या. मंग धक्का मारनारा उरला कोन? मी! अन् ज्यानं पेट्रोल भरलं नाई तो खिडकीतून मान काढून म्हंते, "जोर लगाओ!"

हा कोन, तं उद्धवराव. अकोल्याचे वकील. माह्या हर्षाच्या मोठ्या बहिनीचा नवरा, म्हनजे माहा साडभाऊ. मानूस कसा, तं दोन्ही हातांच्या बोटाबोटात खड्याच्या अंगठ्या. पुष्कराज, पोवळं, नीलम… सारे ग्रह मुठीत घेऊन फिरते. अन् गाडी आमच्या सासऱ्याची, शेषरावजींची. अख्ख्या धामणगावात एकच कॉन्टेसा! लांबलचक नाक, रुंद छाती, चालू केली की बैलासारखी गुरगुरे. नवरदेवाले आनायले मोठ्या जवायानं ती गाडी घेऊन जायचं, असा त्यायच्या घरचा रिवाज. मंग काय, मोठे जवाई स्टेअरिंगवर, लहाने जवाई डिक्कीवर.

बरं, झालं गेलं, इसरून जा म्हनता? मी इसरलो असतो हो! पन लगनाची कॅसेट निघाली ना! तुमाले सांगतो, त्या कॅसेटात सप्तपदी धुरात गेली, मंगळसूत्र घालताना मधात कोनाचं तरी डोकं आलं, पन धक्का? धक्का लख्ख! कोनाचं बारसं असो, कोनाची पन्नाशी असो, उद्धवराव टीव्ही लावते. "पाहा पाहा, आमचे गोवर्धनराव कसे लगनाले आले!" मंग मोबाइल आला, तं तोच धक्का घरच्या ग्रुपवर आला. हर्षा म्हने, "जाऊ द्या ना, हसून सोडून द्या." मी हसलो. लय वर्षं हसलो हो मी!

पन निधी… माही पोरगी. तिची सोयरीक जुळली, पावने घरी आले, मी इस्त्रीचा सदरा घालून, मानूस म्हनून बसलो होतो. अन् उद्धवरावानं मोबाइल काढला. व्याह्यानं व्हिडिओ पाह्यला, चश्मा काढला, पुसला, परत पाह्यला, अन् मले इचारलं, "मंग, आता गुडघे कसे आहेत?" पोरीच्या सासऱ्यानं! पहिल्या भेटीत! त्या दिवशी मी चहाचा कप खाली ठेवला अन् मनातल्या मनात म्हनलं, बास. तीच गाडी, तेच लगनाचं वऱ्हाड, पन ह्या वक्ती धक्का उद्धवरावानं मारला पाह्यजे. सुटाबुटात मारला पाह्यजे. साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर मारला पाह्यजे!

आता गाडी कुठी होती? सासरे गेले तवापासून गोठ्यात उभी. मागच्या सीटवर कोंबड्यायनं संसार मांडलेला. मी सासूबाईले, पार्बताबाईले म्हनलं, "आई, मले गाडी पाह्यजे." म्हातारीच्या डोळ्याले पानी! "बाप्पा, जवायाले सासऱ्याची आठोन आहे!" हर्षाबी रडली. म्हने, "तुमी इतके हळवे आहा, मले मालूम नव्हतं." मी आपला मान खाली घालून उभा. डोक्यात एकच, धक्का उद्धवरावानंच मारला पाह्यजे!

गाडी टेम्पोत टाकली अन् आनली बडनेऱ्याले, धर्मपालच्या गॅरेजात. धर्मपाल म्हनजे गाडीचे पोचे काढनारा डेंटर. पन त्याले डेंटर म्हनलं की राग येते. तो पत्र्याचा डॉक्टर. गाडीभोवती फिरला, बोटानं टकटक करून कान लावून ऐकत राह्यला. ठन्… ठन्… ठन्… भद्! "सायेब, इथी पत्रा नाई."

म्हनलं, "मंग काय आहे?"

"पुट्टी. अन् पुट्टीच्या मांगं काय आहे ते देवालेच मालूम."

खरवडलं तं काय निघावं? रंगाखाली पुट्टी, पुट्टीखाली रंग, त्याच्याखाली परत पुट्टी, अन् साऱ्याच्या खाली, डायव्हरच्या दारात, करडई तेलाचा डबा! कापून, सपाट करून, रिबिटं मारून बसवलेला! त्याच्यावर अजून अक्षरं, 'शुद्ध घाणीचे'! म्हनजे सासरेबुवा ज्या गाडीच्या जोरावर साऱ्या बाजारात कॉलर ताठ करून फिरत होते, तिचं दार तेलाचं होतं! धर्मपालनं हातोडी ठेवली अन् नमस्कार केला. "कोन्या कलाकाराचं काम आहे सायेब. पन काढा लागन."

म्हनलं, "काढ. कधी होईन?"

"सायेब, सोयरीक अन् पत्रा, घाई केली की वाकडं होते. घाई असन तं दुसरीकडे जा."

अन् मंग सुरू झाला तो छळ! मी भातकुलीच्या पंचायत समितीत नोकरीले. हापिस सुटलं की तडक बडनेरा. रोज इचारो, "झालं?" रोज उत्तर, "पत्रा मानला नाई अजून." अरे, पत्रा काय रुसलेला जवाई आहे का, मनवायले? आज म्हने मडगार्डाले गोलाई येऊन नाई राह्यली. उद्या म्हने बोनेटच्या मधात लाट आहे. मले तं बाप्पा कुठीच लाट दिसे ना! तो मले खाली वाकवे, एक डोळा मिटायले लावे, ट्यूबलाइट पत्र्यावर पाडे. "आता पाहा, उजेड सरळ जाते का?" अन् काय सांगू तुमाले… दिसली! लाट दिसली! तिथंच माहा घात झाला.

कारन एक दिवस धर्मपाल म्हने, "उभेच आहा तं घासा थोडं." हातात पानीपेपर, ओला करून घासायचा पॉलिशपेपर, देल्ला. पानी टाकायचं, घासायचं, हात फिरवून पाहायचं. पानी टाकायचं, घासायचं… अहो, सवयच लागली! हापिसात फायलीवर हात फिरवो तरी वाटे, इथी खड्डा आहे. घरी पोळपाट घासला. हर्षा म्हने, "माह्या गालावरून तं कधी असा हात नाई फिरवला!" मी म्हनलं, "तुह्या गालाले पुट्टी कुठी आहे?" दोन दिवस जेवाले वाढलं नाई तिनं.

शेवटी रंग मारला. डाळिंबी! सासऱ्याच्या टायमाचा, तोच. पहिल्यांदा गाडी उन्हात काढली तवा, तुमाले खोटं वाटन, मी तिच्यात माहं तोंड पाह्यलं, अन् लगनापासून पहिल्यांदा मले माहं तोंड आवडलं. धर्मपाल दूर उभा राहून म्हने, "सायेब, रंग अजून कच्चा आहे. अंगठीवाला हात, बांगडीवाला हात, पट्ट्याचं बक्कल, कोनीच जवळ येऊ द्याचं नाई. ओरखडा पडला तं मले तोंड दाखवू नका." मी म्हनलं, "कोनाची हिंमत आहे!"

अन् बदला? बदल्याची तयारी झाली होती ना! स्टेअरिंगच्या खाली मी सोताच्या हातानं एक चोर बटन बसवलं. दाबलं की इंजिनची ठिनगी बंद. मंग सेल मारा, धक्का मारा, होम करा, गाडी चालू होनार नाई. म्हनजे उद्धवराव जितका धक्का मारतीन तितका मारू द्याचा, अन् मंग आपन गुपचूप बटन वर करायचं. बटन आपलं टपरीवरचं, साधं. साऱ्या गाडीत तेवढीच एक वस्तू मी घाईनं घेतली.

मुहूर्तबी पाहा कसा सापडला! उद्धवरावाच्या मोठ्या पोराचं, यशोधनचं लगन. अकोल्यात. मी फोन केला, "नवरदेवाची गाडी माही." तिकडून काय आवाज यावा? "वा गोवर्धनराव! पन पोहोचन ना? का ह्या वक्ती यशोधन धक्का मारन? हा हा हा!" हसा, म्हनलं. हसून घ्या.

लगनाच्या दिवशी बँड काय, ड्रोन काय! मागं यशोधन, बाजूले सासूबाई, स्टेअरिंगवर मी. समोर उद्धवराव सायीच्या रंगाच्या सुटात नाचून राह्यले. निधीचे सासरे, तेच गुडघेवाले, बरोबर फुटपाथवर. निधीले मी आधीच सांगून ठेवलं, "मोबाइल तयार ठेव. धक्का सुरू झाला की शेवटपर्यंत काढ, थांबू नको." कार्यालयाची कमान दिसली. मी श्वास घेतला. धक्का उद्धवरावानंच मारला पाह्यजे! अन् दाबलं बटन.

गाडी गप्प. बँड गप्प. मी खिडकीतून मान काढली, लय वर्षं घोकलेलं वाक्य म्हनलं, "उद्धवराव, धक्का मारा लागते!"

मले वाटलं मानूस लाजन, काळानिळा होईन, गयावया करन. छ्या! तो म्हंते, "अरे त्यात काय! सासऱ्याची गाडी आहे, चला!" कोट काढला, बाह्या वर केल्या अन् दोन्ही पंजे पसरून निघाला डिक्कीकडे. मी आरशात पाहून राह्यलो. उन्हात ते पुष्कराज, ते पोवळं, तो नीलम… चमकून राह्यले, जवळ येऊन राह्यले, अन् खाली माहं डाळिंबी! माहं घासलेलं! माह्या हातानं पानी टाकून घासलेलं!

"थांबाऽऽऽ!" मी असा वरडलो की सासूबाईच्या हातातली पानाची डबी पडली. झटकन बटन वर कराले गेलो, तं बटन हातात! स्प्रिंग उडून सासूबाईच्या पदरात! आता गाडी काही केल्या चालू होनार नाई. अन् मागून सारे धावून राह्यले! बँडवाले, त्यायचे ते पितळी बक्कल! करवल्या, मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या! हळदीच्या हातानं मावश्या! मी दार उघडून पळत गेलो अन् डिक्कीसमोर आडवा झालो. "कोनी हात लावायचा नाई! गाडीले कोनी हात लावायचा नाई!"

उद्धवराव म्हंते, "मंग धक्का कोन मारन बे?"

सारे माह्याकडे पाहून राह्यले. मी हात पाह्यले. अंगठी नाई. घड्याळ काढून खिशात टाकलं, पट्टा सोडून यशोधनकडे देल्ला, रुमालानं तळहात पुसले, अन् माह्या लेकराच्या पाठीवर ठेवावे तसे हळूच ठेवले डिक्कीवर. पायात त्या दिवशीबी नव्याच मोजड्या. स्टेअरिंगवर कोन बसलं हे तुमी समजून घ्या. अन् खिडकीतून मान निघाली…

"जोर लगाओ जवाईबापू, जोर लगाओ!"

अन् साऱ्या दुनियेत मले एकट्यालेच मालूम की बटन तुटलेली ही गाडी धक्क्यानं चालू होतच नसते! सांगू कोनाले? पार कार्यालयाच्या दारापर्यंत ढकलली. एका हातानं पँट धरून! व्याही बाजूनं चालत इचारून राह्यले, "गुडघे?" निधीनं सारं काढलं. मी तिले खेकसलो, तं म्हंते, "बाबा, तुमीच म्हनलं होतं ना, शेवटपर्यंत काढ!" वरून ड्रोन होताच. पह्यले मी बाजूनं दिसे, आता आकाशातूनबी दिसतो.

व्हिडिओ ग्रुपवर आला. मी धर्मपालले दाखवला, म्हनलं आता तूच पाहा माही इज्जत. त्यानं मोठा करून पाह्यला, अन् म्हने, "सायेब, उजेड पाहा कसा सरळ जाऊन राह्यला पत्र्यावरून!" खोटं काहून बोलू, मीबी परत पाह्यला. एक लाट नाई हो!

बटन काढून टाकलं. गाडी एक नंबर चालते आता, चिखलदऱ्याचा घाट चढून आली. पन आता उद्धवरावाच्या लहान्या पोराचं, शुभंकरचं जमलं. सासूबाईचा फोन. "जवाई, गाडी आना. अन् कमानीपाशी इंजिन बंद करून खाली उतरा."

मी म्हनलं, "आई, गाडी चालू आहे! टकाटक चालू आहे!"

"असू द्या. तुमी धक्का मारला तं माह्या हर्षाचा संसार झाला. तुमी मारला तं यशोधनचं सुखाचं चालू आहे. आपल्या घरी तुमच्या धक्क्याशिवाय लगन लागत नाई. शकुन असते, बाप्पा."

मी हर्षाकडे पाह्यलं. ती हसून राह्यली होती. उद्धवरावानं तं माहा धक्का पत्रिकेतच छापला म्हने.

मंग काय… मोजड्या देऊन टाकल्या. कॅनव्हासचे जोडे घेतले, चांगल्या पकडीचे. डिक्कीतच ठेवले आहेत. अन् डिक्की मीच उघडतो, नखं कापून.