रोज सकाळी दहाला माझाच विलाप

...आणि आता आतली ती पोर म्हणते, मावशी, उद्यापासून गाणं बंद. बंद? अहो, पाच महिने रोज सकाळी दहाला मला माझ्याच मरणाचं गाणं गायला लावलं, तेव्हा कुठे होती ही अक्कल? बसा, बसा, आत बोलवायला वेळ आहे अजून. मी गारिफालिया. आणि मी जिवंत आहे, बरं का. हल्ली हे आधीच सांगून ठेवते.

हा माझा नवरा, लिगोरिस. हसतोय बघा, त्याला कळतं सगळं. अडीच वर्षांपूर्वी ऑलिव्हची झाडं झोडपता झोडपता मेंदूचा झटका आला. हातपाय परत आले, वाचा गेली ती गेलीच. आतली दानाई, म्हणजे ही बोलायला शिकवणारी, माझ्या नातीच्या वयाची, ती सांगते याची दुखणी दोन. एक, डोक्यात शब्द सापडत नाही, आणि दोन, सापडलाच तर ओठ-जीभ तो वळवायला तयार नाहीत. पाणी मागायला जायचा, तोंड माशासारखं उघडमीट, आणि बाहेर काय? टा... टा... टा... शिव्या मात्र अख्ख्या! पाद्री भेटायला आला तर त्याला अशी सणसणीत हासडली, की तो बिचारा कॉफी न पिताच उठला. दानाई म्हणाली, 'मावशी, शिव्या आपोआप येतात, त्या जुळवाव्या लागत नाहीत.' बरं बाई, मग माझं नाव? पंचेचाळीस वर्षं दिवसातून शंभरदा घेतलेलं, ते नाही येत आपोआप? तेवढंच हवं होतं हो मला. आणि त्यालाही. रोज माझ्याकडे बघून ओठ जुळवायचा, जुळवायचा... आणि मग भिंतीकडे तोंड करून निजायचा. फार वाईट वाटायचं.

मग दानाईने गाण्याचा घाट घातला. डाव्या हातावर थापट्या मारायच्या आणि शब्द गायचा, गाणं म्हणे मेंदूच्या दुसऱ्या बाजूने येतं. लग्नाची गाणी झाली, ईस्टरची झाली, याची सैन्यातली झाली. ढिम्म. आणि एके सकाळी मी ओट्याशी शेंगा निवडत गुणगुणत होते. मी काय गुणगुणणार? आमच्या मानी मुलखात माणूस गेलं की बायका उशाशी बसून, त्याचं नाव घेऊन विलाप गातात, आणि गावात चाळीस वर्षं हे काम माझं. तर माझ्या तोंडून निघालं, 'ऊठ गं...' आणि पाठीमागून, स्वच्छ, खणखणीत, 'ऊठ गं माझे गारिफालिये, चूल का गं थंड तुझी...'

शेंगा गेल्या जमिनीवर. दोन वर्षांनी नाव घेतलं, आणि घेतलं ते असं! आनंदाने रडले, आणि भीतीनेही.

त्या दिवसापासून काहीही हवं असलं तरी त्याच सुरात. 'ऊठ गं माझे गारिफालिये, एकटा मला टाकून गेलीस... लोकरीचे मोजे कुठं ठेवलेस.' खिडकी उघडी. अर्ध्या तासात शेजारची कानेला काळे कपडे घालून, हातात मेणबत्ती, काखेत ब्रँडीची बाटली, आणि पायरीवरूनच गळा काढलेला. 'तोंडाची फटकळ होती हो, पण मनाची चांगली होती...' दार मीच उघडलं. म्हटलं, कानेला, मी जिवंत आहे, बरं का, आणि फटकळ कोण? तिने छातीवर क्रूसाची खूण केली, तीनदा थुंकली आणि ब्रँडी परत घेऊन गेली.

इथवर हसा, मीही हसले. पण दानाई म्हणाली, आता हेच औषध. रोज दहाला तुम्ही ओळ सुरू करायची, काकांनी पुरी करायची. मी म्हणायचं, 'कोण विंचरील आता...' आणि तो, 'गारिफालियाचे केस.' मी, 'कुणी मिटले गं डोळे...' तो, 'गारिफालियाचे.' आता बघा, गाताना तो माझ्याकडे बघतच नाही. मी इकडे त्याच्या डाव्या हातावर ताल धरून बसलेली, आणि तो टक लावून पलंगाच्या माझ्या बाजूकडे, रिकाम्या उशीकडे. एकदा तर ओळ स्वतःच घातली, 'मंगळवारी गेलीस गं, पीठ होतं हातांना.' ही ओळ माझी नाही. मी कुणासाठीच गायलेली नाही. दानाईला विचारलं तर म्हणते, 'शब्द नुसते जुळून येतात, मावशी, त्यात काही नसतं.' नसेल. मी मंगळवारी कणीक मळणं सोडलं.

आणि मेलेल्याला रोज नावाने गायलं की ते ऐकू लागतं, असं आमच्याकडे म्हणतात, आणि चाळीस वर्षं मीच ते सगळ्यांना सांगत आले. मग हे रोज ऐकतंय कोण? मागच्या आठवड्यात हात केला तरी बस थांबली नाही. दुकानदार यानाकोस माझ्या मागच्या बाईला विचारतो, काय हवं. मी जिवंत आहे, बरं का, असं त्याला म्हटलंसुद्धा. आवाज जरा बारीक आला.

गेल्या महिन्यापासून दानाईने सूर थोडा थोडा कमी करायला लावला, अर्धं गायचं, अर्धं बोलायचं. आणि परवा मी मोरीत भांडी घासत होते, तर अंगणातून साधा, सपाट, पूर्वीसारखा आवाज. 'गारिफालिया.' गाणं नाही, काही नाही. पुन्हा, 'गारिफालिया.' ज्याच्यासाठी दोन वर्षं मेणबत्त्या लावल्या, तेच! आणि मी काय केलं? घासत राहिले. शपथेवर सांगते, मला वाटलं, कुणा जिवंत बाईला हाक मारतोय. चार हाका मारल्या हो त्याने. शेवटी बिचाऱ्याने घसा खाकरला, सूर लावला, 'ऊठ गं माझे गारिफालिये...'

आणि मी लगेच ओ दिली.