शेवटच्या क्रेनचा पाळणा

मुलगी : पट्टा बांधून झाला. हेल्मेट द्या.

बाबा : आधी उतर त्या पाळण्यातून. तुझ्या मामाला निरोप धाडलाय, तो बसेल.

मुलगी : मामाचे गुडघे गेलेत. म्हणाला, "भावोजींच्या प्रत्येक क्रेनला मीच लटकलो. आता तरी सुटका करा."

बाबा : मग मी बसतो.

मुलगी : ब्रेक जोडणाऱ्याने खाली उभं राहायचं आणि त्याच्या घरच्या माणसाने वर जायचं. तुमच्याच कारखान्याची रीत ना?

चालक : बरोबर बोलतेय ती, काका. थोरल्या मालकांनीच घालून दिलीय.

बाबा : तू मला नको सांगूस. इथे पत्र्याची शेड होती तेव्हापासून आहे मी. मालक साखळीच्या कप्प्या दुरुस्त करायचे. पहिली क्रेन बांधली, तर गिऱ्हाईक जवळ फिरकेना. मालकांनी सरळ स्वतःच्या आईला पाळण्यात बसवून वर चढवलं. म्हातारी वरून ओरडते कशी, "अरे मेल्या, छपराचा पत्रा उडालाय, तो बसव आधी!"

चालक : आणि क्रेन विकली गेली.

बाबा : त्याच दिवशी. मग बंदरात गेल्या, पुलांवर गेल्या, धरणांवर गेल्या. आपलं माणूस बसवायची छाती नसेल, तर क्रेन विकायची नाही, म्हणायचे मालक. नातवाला काय त्याचं? तो उद्यापासून बाहेरून आणून विकणार. ही शेवटची.

मुलगी : म्हणूनच मी बसणार. तुम्ही दर वेळी मामालाच बसवलंत.

बाबा : त्याला हौस होती.

मुलगी : हौस आईला होती. प्रत्येक चाचणीला घट्ट वेणी घालून फाटकाशी यायची. तुम्ही म्हणायचात, पुढच्या क्रेनला.

चालक : काकू मला हसून म्हणायच्या, "तुझ्या काकांचा स्वतःच्या ब्रेकवर भरवसा नाही."

बाबा : ब्रेकवर होता रे. माझा मलाच नव्हता. ती वर गेली असती, तर मी खाली उभा राहू शकलो नसतो. जपून जपून जमिनीवर ठेवली तिला. आणि गेली कशाने, तर साध्या तापाने. खाटेवर.

मुलगी : बाबा...

बाबा : एकदा तरी भांडायचं होतं तिने. डबा हातात द्यायची आणि घरी जायची.

मुलगी : मी भांडतेय ना. आता पुढची क्रेन नाही, बाबा.

(तो पाळण्याजवळ जातो. पट्ट्याची कडी ओढून बघतो, पुन्हा ओढतो आणि मागे सरकतो.)

बाबा : केस आत घे. हात बाहेर काढू नकोस. ने रे वर. सावकाश.

चालक : चला, निघालो.

बाबा : घाबरलीस का गं?

मुलगी : नाही! बाबा, आपलं घर दिसतंय!

बाबा : इथून?

मुलगी : गच्ची दिसतेय! दोरीवर तुमचा एकटाच शर्ट वाळतोय!

चालक : काका, ब्रेक मस्त धरतोय. वजनं टांगायची आहेत अजून. उतरवू तिला?

बाबा : थांब. राहू दे जरा वर.