झेनॉनवाल्याचा सत्कार

न्हाय, अभिनंदनचा लहानपणीचा फोटो न्हाय माझ्याकडं — बसा की पावणं, पेपरवाली माणसं आमच्या दुकानात कवा येत्यात — तीस वर्सं झाली शाहूपुरीत गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतोय, जयपाल म्हटलं की कुणीबी पत्ता सांगंल, पर माझी बातमी छापली का कुणी? न्हाय. त्याचीच छापा. पेठ वडगावात एका बाकावर हुतो आमी. आता त्यो परदेशात बसून जगाची हवा हुंगतोय — कुठल्या देशानं जमिनीखाली चोरून अणुबाँब फोडला, तर त्यातला झेनॉन वायू खडकाच्या फटीतनं वर येतोय म्हणं — वास न्हाय, रंग न्हाय, कशाला चिकटत न्हाय, हवेचा दाब उतरला की महिन्यानं सुदिक येतोय, आन् ह्यांची यंत्रं त्यो बरुबर धरत्यात. मला कसं म्हाईत? घरात दुसरं ऐकतोय काय मी? त्रिशला, माझी बायकू — भाकरी वाढताना झेनॉन, भांडी लावताना झेनॉन.

अवो, गळती धरायला त्याला शिकवलं कुणी? मी. आमच्या वडलांच्या दुकानात — नळीला साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा उठला की तितं फट. शाळंच्या प्रदर्शनात त्येच मांडलं त्यानं, पयला नंबर. त्रिशला आमच्याच वर्गात — किती टाळ्या वाजवल्या तिनं, मी बघत हुतो. लगीन माझ्याशी झालं, पर कात्रणं त्याची, साड्यांच्या घडीत. माझ्या शेगडीबद्दल एकदा तरी इचारलं का? जळतोय मी त्याच्यावर, व्हय, जळतोय.

हे लिवू नका. आज सांजच्याला सत्कार हाय नव्हं त्याचा — आमाला पत्रिका आलती, दोघांच्या नावाची. खाली हातानं लिवलेलं, 'जयपाल, साबणाचा फेस विसरलो नाही' — माज बगा की. तिला म्हटलं, मोठा माणूस, इसरला आपल्याला. ती भाकऱ्या थापत बसली. मला बरं वाटलं — खोटं कशाला सांगू, दोन दिस लई बरं वाटलं. पत्रिका ह्या डब्यात हाय, वायसरांच्या खाली, दावतो — थांबा, हितंच तर ठेवलती —

माझ्या पाठीमागं काय बघताय?

त्रिशला. कवाधरनं हुबी हाईस? ... आन् ही लगनातली साडी — कुठं घावली तुला पत्रिका?

व्हय, दोघांची नावं हाईत त्यावर. म्हाईत हाय मला.

पावणं, उठा. दुकान बंद करायचंय.