सहा मिलीमीटरचा चाकू

रुचा: बाबा, पुरे आता. सकाळपासून तेच चाललंय. खट, खट, खट. मी आतल्या खोलीत कॉलवर आहे आणि पलीकडचा माणूस मला विचारतोय, तुमच्या घरात पाल आहे का म्हणून.

विद्याधर: चार हजार एकशे बारा झाले. पाच हजार करतो आणि थांबतो.

रुचा: पाच हजार कालच झाले होते.

विद्याधर: कालचा चाकू वेगळा. हा पेटीतला सतरावा.

रुचा: आणि मिटला एकदा तरी आपणहून?

विद्याधर: नाही ना. तेच तर दुखणं आहे. उघडून-मिटून पाहिला, दाबून पाहिला, पात्याला वजन टांगून पाहिलं. सतरापैकी एकाचाही खटका सुटत नाही. गुरुराजरावांच्या हरिणीच्या हातात मात्र सुटला.

रुचा: अंगठा बघा तुमचा. सोललाय. सात आठवडे झाले, बाबा. मी वेलचेरीतलं पाणी ओसरेपर्यंत राहायला आले तुमच्याकडे, वाटलं अड्यारला जरा शांतता मिळेल.

विद्याधर: जेवून घे. भात झाकून ठेवलाय.

रुचा: तुम्ही जेवलात?

विद्याधर: मला भूक नाही.

रुचा: हे असं किती दिवस चालायचं?

विद्याधर: आज चारपर्यंत. चारला गुरुराजराव येतायत. त्यांनी एकच गोष्ट विचारलीय. चूक ड्रॉइंगमध्ये आहे की कामात? ड्रॉइंग माझं, चाकू त्यांच्या वर्कशॉपात झाले. तीनशे नग अंबत्तूरला पेट्या भरून पडलेत. ते बाहेर जायचे की भट्टीत, तेही त्यावरच.

रुचा: आणि तुम्ही ठरवून टाकलंय की ड्रॉइंग चुकलं.

विद्याधर: दुसरं काय असणार? हे बघ, पातं उघडलं की बाजूची ही पट्टी सरकून त्याच्या बुडाशी येऊन उभी राहते. ती उभी आहे तोवर पातं मिटत नाही. सगळा भार हिच्यावर. गुरुराजराव म्हणाले होते, पट्टी एक मिलीमीटरची घेऊ. मी पॉइंट आठवर अडून बसलो.

रुचा: का पण? दोन दशांशांनी असा काय फरक पडणार होता?

विद्याधर: सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी राहिला पाहिजे आणि खिसा ओघळता कामा नये, हा माझा हट्ट. मूठ धरून जाडी सहा मिलीमीटर, वजन चौतीस ग्रॅम. जन्मभर लष्करी कारखान्यात जाडजूड वस्तू काढल्या, रुचा. वाटलं, रिटायर झाल्यावर एक तरी नाजूक वस्तू करावी. झाली की नाही नाजूक?

रुचा: हरिणीचा तो चाकू कुठाय?

विद्याधर: कपाटात. गुरुराजरावांनी रुमालात बांधून दिला तसाच आहे.

रुचा: म्हणजे उघडलाच नाहीत?

विद्याधर: नाही.

रुचा: जो सुटला तो सोडून बाकीचे सतरा तपासलेत?

विद्याधर: रक्त आहे त्याच्यावर. ती पोर पाच वर्षांची असताना ह्याच सोफ्यावर बसून, वीणा पायांवर पेलत नव्हती म्हणून मला धरायला लावून वाजवायची. आता उजव्या हाताचं पहिलं बोट कापलं, ज्याने तार छेडायची तेच. मला नाही उघडवत.

रुचा: आमच्या ऑफिसात जे बिघडलं तेच आधी उघडतात. द्या किल्ली. मी काढते.

विद्याधर: राहू दे.

रुचा: चारला ते येणार, आणि तुम्ही न बघताच कबुली देणार? द्या.

विद्याधर: डाव्या खणात आहे. मागे, तुझ्या आईच्या डब्यात.

रुचा: हा घ्या. रक्त वगैरे पुसलंय त्यांनी. स्वच्छ आहे. गाठ मी सोडली, उघडा तुम्ही.

विद्याधर: ऐक. हा सतरावा.

रुचा: खट. पाठ झालंय मला.

विद्याधर: आता हा.

रुचा: हा जरा बसका वाजला.

विद्याधर: तुलाही कळलं ना? भिंग दे. टॉर्च धर इकडे, पातं फिरतं त्या पिनेच्या खाली. अजून खाली. पट्टी पूर्ण आत जात नाहीये. कडेवर केसभर टेकलीय नुसती. आवाज येतो, माणसाला वाटतं लागला खटका. जोर लावला की घसरणार.

रुचा: मध्ये काहीतरी आहे. पिवळं. गंज?

विद्याधर: गंज असा नसतो. सुई दे तुझ्या पर्समधली. कागद धर खाली. सांडू नकोस.

रुचा: भुगा निघतोय. लाल पण आहे त्यात.

विद्याधर: वास घे.

रुचा: चंदन आहे हे.

विद्याधर: गंध. गंध आणि कुंकू.

रुचा: आयुधपूजेचं?

विद्याधर: दुसरं कुठलं? पहिला नग म्हणून हा एकटाच पूजेला मांडला होता, उघडून, केळीच्या पानावर. शेजारी गुरुराजरावांचं लेथचं सामान, शेजारी हरिणीची वीणा. गंध ते स्वतः लावतात, आजवर कुणाला लावू दिलं नाही. मिटता येत नाही पूजेतली वस्तू, दिवसभर तसाच पडून राहिला. गंध ओघळून आत गेलं आणि वाळलं. दुसऱ्या दिवशी विजयादशमी, नवी वस्तू पहिल्यांदा वापरायची, म्हणून पूजेच्या नारळाचं खोबरं ह्यानेच काढायला बसली ती.

रुचा: पण पिनेवर कशाला लावलं? सगळे पात्यावर टिळा लावतात ना?

विद्याधर: ते नंतर सांगतो. टॉर्च बंद कर, सेल उतरतील.

रुचा: बाबा, म्हणजे तुमची चूक नाहीच. सात आठवडे फुकट जीव जाळलात. सांगा त्यांना सरळ.

विद्याधर: काय सांगू? तुम्ही हौसेने बोट टेकवलंत आणि तुमच्या मुलीचं बोट गेलं, असं? बाप आहे तो. मला जमणार नाही, आणि तूही बोलायचं नाहीस.

रुचा: मग खोटं बोलणार?

विद्याधर: खोटं कुठे आहे? पस्तीस वर्षं ह्या गावात काढली. इथे बसपासून शिलाई मशीनपर्यंत प्रत्येक वस्तूला वर्षातून एकदा गंध लागतं. ऑटोला लागतं, लिफ्टला लागतं, तुझ्या कंप्युटरला लागतं. आणि मी असा चाकू काढला, ज्याला गंधाचा एक ठिपका सोसत नाही. खिशातल्या चाकूत घाम जाणार, कापूस जाणार, कैरीचा चीक जाणार. इतक्या बारीक फटीत काय काय जाईल ह्याचा विचार नको करायला? टिकाऊ म्हणजे काय मग? माझ्या टेबलावर पाच हजार वेळा खटखट करणं?

रुचा: बेल वाजतेय. तेच असणार. चेहरा नीट करा.

(चाकू घाईघाईने रुमालात जातो. भिंग आणि कागदावरचा पिवळा भुगा टेबलावरच राहतो.)

गुरुराज: आलों, विद्याधरराव. बहुत पाणी बाहेर. बस अर्ध्यांत सोडली, चालत आलों. कशी आहेस, रुचा?

रुचा: बरी आहे, काका. बसा ना. टॉवेल आणते.

गुरुराज: नको, पोदुम. रुमाल पुरे.

विद्याधर: हरिणी कशी आहे?

गुरुराज: पट्ट्या काढिल्या. आंतली दोरी जुळली म्हणतात. मधलें पेर मात्र वळत नाही. रोज कोमट पाण्यांत बोट घालून बसते. सभेंत तिचें वादन होतें ना या महिन्यांत, तिथें दुसरी मुलगी वाजविणार. हिनेंच फोन करून नांव सुचविलें.

रुचा: रडते का?

गुरुराज: रडती तर बरें होतें. वीणेवर कापड घातलें आहे, तें रोज झटकून पुन्हा घालते. डॉक्टर म्हणतात, निम्मी ताकद येईल. निम्म्या ताकदीनें भाजी चिरतां येते, वीणा येत नाही.

विद्याधर: गुरुराजराव, मी सगळं तपासलं. तुमच्या कामात दोष नाही. मापं चोख आहेत, घासणं चोख आहे. ड्रॉइंगच चुकलं. पट्टी बारीक घेतली मी. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. चूक सगळी माझी.

गुरुराज: चाकू उघडून पाहिला?

विद्याधर: पाहिला.

गुरुराज: आज?

विद्याधर: आज.

गुरुराज: सरि, बरें. मग पट्टी एक मिलीमीटरची घेऊं.

विद्याधर: घेऊ. वजन वाढेल थोडं.

गुरुराज: वाढूं दे. खिसा ओघळला तर ओघळला. तीनशेंच्या पट्ट्या बदलून देतों, हात आहेत तोंवर. आणि नव्या पट्टींत पिनेखालीं एक भोंक ठेवा. आरपार, तीन मिलीमीटरचें.

विद्याधर: भोक? ते कशाला?

गुरुराज: वाळलेलें गंध झडून जायला. पुढल्या आयुधपूजेलाही मी लावणारच ना. सोडतां येत नाही तें.

रुचा: काका, तो कागद मी उचलायला विसरले.

गुरुराज: कागद आत्तां पाहिला. मला आधींच ठावें होतें. रुमालांत बांधिला तेव्हांच वास आला होता. तोंडाला आलें, पण बोलवेना. म्हटलें, विद्याधरराव उघडतील, ते सांगतील. सात आठवडे वाट पाहिली. आणि आज तुम्ही सांगतां, चूक सगळी माझी.

विद्याधर: काय सांगायला हवं होतं मी?

गुरुराज: कांहीं नाही. बरें वाटलें ऐकायला, एवढेंच. पण घरीं ती म्हणते, अप्पा, मीच धड धरिला नव्हता. रोज म्हणते. तें मात्र आतां ऐकवत नाही मला. आज जाऊन सांगतों तिला.

रुचा: ह्या पावसात? चहा तरी घ्या.

गुरुराज: चहा घेतला कीं सांगणें उद्यावर जाईल. येतों मी.

विद्याधर: थांबा, मीही येतो तुमच्या घरी, मैलापूरला. गंध पात्यावर नको, पोलादाला डाग पडेल, पिनेवर लावा, असं मीच सांगितलं होतं तुम्हाला.

गुरुराज: आठवतें मला. चला.