खजिन्याच्या नकाशावर ताईला लिहिलं ते

आम्ही इंदूरचेच, म्हणजे आजोबा मिलमधे कारकून म्हणून आले आणि परदेशीपुऱ्यातच राहून गेले, मी आता बड़ा गणपतीजवळ राहते. वडील सरकारी दफ्तरात जुने मोडी कागद वाचायचे, त्यांनी आम्हा दोघी बहिणींना, सुमीताईला आणि मला, पाटीवर मोडी शिकवली, का ते विचारू नका, त्यांची हौस. शाळेत आम्ही मोडीत चिठ्ठ्या लिहायचो, एखादी बाईंच्या हाती लागली तरी बाई वाचणार काय, कप्पाळ! पण अक्षर वळणदार झालं, लग्नपत्रिकांवर नावं लिहायचं काम त्याच्यावरच मिळालं, आजही करते.

काय सांगू तुम्हाला, ताईला गौतमपुऱ्याला दिलेली, आणि मधे सहा वर्षं आमची बोलचाल बंद होती. आई बिमार पडली तेव्हा मी तिला फोनच नाही केला, म्हटलं तिची सून नुकतीच बाळंत झालीये, कशाला टेन्शन द्यायचं, आई सुधरेल. आई नाही सुधरली. ताई पोचली तेव्हा लोक आईला पोचवून मुक्तिधामातून परत आले होते. ती एवढंच बोलली, तू मला आईचं तोंड नाही पाहू दिलं. मग मी फोन केले तर उचलेना, मग मलाही राग आला, मी एकटीनं सगळं केलं ते कोणी पाहिलं?

तर मागच्या वर्षी एक टीव्हीवाली मॅडम आली. मांडूला शूटिंग, टीव्हीसाठीच पिक्चर, हंसी-मजाकवाला, एक मामा आणि दोन भाच्या खजिना शोधतात आणि दर वेळी भलत्याच जागी खोदतात. मॅडम म्हणाली, आंटी, पुराना नक्शा चाहिए, वो पुरानी लिखावट में. म्हटलं लिहू काय, तर म्हणे, कुछ भी लिख दो आंटी, कौन पढ़ेगा.

ते डोक्यात बसलं बघा. कारण वाचणारी एक होती, आणि तिला असले पिक्चर बचपन से भयंकर आवडतात, एक सोडत नाही, आता म्हणे नातीला घेऊन बसते.

नकाशे तीन लागणार होते, एक दाखवायला, एक नदीत पडणार, एक जळणार. कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले आणि बसले मोडीत लिहायला. पहिल्यावर लिहिलं, ताई, तुझ्या काळजीनंच फोन नाही केला. दुसऱ्यावर, तूही तर माझा फोन नाही उचलला, मी किती रडले. तिसरा लिहिताना हात थांबला, मनात आलं, मी तर नकाशावरही भांडतेय. मग लिहिलं, ताई, चुकलं माझं. आईनं शेवटी विचारलं, सुमी आली का. हात माझा धरलेला आणि नाव तुझं, म्हणून हे मी तुला सांगितलंच नाही. खोटं कशाला बोलू, मला जळन झाली होती.

आणि मॅडमनं जळायला नेमका तोच उचलला!

इतवारी दुपारी पिक्चर लागला. मामा पहिला नकाशा उघडून मोठ्यानं वाचतो, बरगद के नीचे सात कदम, आणि कागदावर माझं भांडण, मला हसू का रडू असं झालं. तिसरा दोन सेकंद दिसला, लगेच भाचीनं मशाल लावली, गेला. म्हटलं संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन, ताईचा. हॅलो नाही, काही नाही. म्हणाली, नातीनं मोबाइलवर पिक्चर थांबवून थांबवून दाखवलं, दोन नकाशांत भांडलीस, तिसऱ्यात बोललीस. मग म्हणाली, कसं विचारलं ग आईनं, नीट सांग.

तेव्हापासून दर महिन्याला येते. आत्ताही आत झोपलीये, म्हणून मी हळू बोलतेय. उठेल, चहा घेईल आणि म्हणेल, सांग ना, कसं विचारलं, आणि मी पहिल्यापासून सांगेन. देव तिला भरपूर आयुष्य देवो, तिनं विचारत राहावं, मला सांगायचा कंटाळा नाही.