आठाचा पीळ, दहाची नळी

आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षा आणि आपल्या रायफल कारखान्याच्या प्रमुख हिल्काबाई सारिमो, ज्यांच्यासाठी आपण सगळे वेळेआधी मशीन बंद करून आलोय ते आपले तपासनीस आर्वो मेस्त्री, त्यांच्या पत्नी सिर्क्काकाकू, सोमवारपासून मेस्त्रींच्या खुर्चीत बसणार त्या तुइयाताई, आणि कॅन्टीनमध्ये जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, ज्यांचे डोळे माझ्याकडे कमी आणि त्या कोळंबीच्या सँडविच-केककडे जास्त आहेत.

मी लास्से. नळ्या ठोकायच्या मशीनवर असतो. शाळेत मला कधी बोलायला उभं केलं नाही, उभं केलं ते कोपऱ्यात. आज हिल्काबाई म्हणाल्या, "तरुणांपैकी कुणीतरी दोन शब्द बोला." सगळे बुटांकडे बघायला लागले. आपण फिनलंडचे लोक, बुटांकडे बघणं आपल्याला छान जमतं. मीच हात वर केला. का केला ते कळेलच.

आर्वो मेस्त्रींबद्दल काय सांगू? एकतीस वर्षं हा माणूस आपल्या बोगद्यात बसून प्रत्येक रायफलीतून शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडतोय. कागदावर भोकं मोजतो, खाली सही करतो, आणि तो कागद रायफलीबरोबर पेटीत जातो. गिऱ्हाईक पेटी उघडून आधी रायफल बघत नाही, आधी आर्वोची सही बघतं. काकू, तुम्हाला लग्नात तरी त्यांनी सही करून दिली का? ... नाही? पाद्र्याने करून घेतली? बरं, बरं.

आणि बोलणं! एका पाळीत सात शब्द. त्यातले दोन "कॉफी" आणि "संपली".

चारचौघांत फक्त एकदा मी त्यांना जास्त बोलताना ऐकलं. नव्या नेमबाजीच्या रायफलीला पीळ किती द्यायचा, त्या बैठकीत. सिर्क्काकाकूंसाठी सांगतो. नळीच्या आत आटे असतात, त्यांनी गोळीला गिरकी मिळते. आठाचा पीळ म्हणजे आठ इंचात एक पूर्ण गिरकी, दहाचा म्हणजे दहा इंचात. हिल्काबाईंचं म्हणणं होतं दहा. लोक दुकानातून स्वस्तातल्या, हलक्या गोळ्या घेतात, त्यांना दहा पुरतो, आणि दहाची सळई कारखान्यात आहेच. तीन तास बैठक चालली. त्यातले अडीच तास कुणीच बोललं नाही. शेवटी मेस्त्री म्हणाले, "स्पर्धेत लोक लांब, जड गोळी वापरतात. तिला गिरकी कमी पडली की ती डुलते. आणि उत्तरेत उणे पंचवीसला हवा जड होते, तिथे तर आडवीच जाईल. आठ." आणि बसले. हिल्काबाई म्हणाल्या, "ठीक. आठ." खरं सांगा बाई, पटलं म्हणून, की एवढं बोलल्याची दया आली म्हणून?

आता त्या सळईचं सांगतो. आमचं मशीन चार बाजूंनी हातोडे मारून नळी तयार करतं, आणि आत जी सळई असते तिच्यावर जो पीळ तोच नळीत उमटतो. आठाची सळई, दहाची सळई, दिसायला जुळ्या बहिणी. शेपटाला बारीक आकडा असतो. तो कोण वाचतो? आम्ही खुंटी बघतो. आठ नंबरच्या खुंटीवर आठाची, दहावर दहाची. माझ्या आधीच्यांनी असंच केलं, त्यांच्या आधीच्यांनीही.

पण आठ नंबरची खुंटी हीटरच्या अगदी डोक्यावर आहे. आणि जानेवारीत माझे हातमोजे सायकलवरून येईपर्यंत लाकूड झालेले असतात. तर मी काय केलं? मोजे आठवर टांगले, आठाची सळई उचलून शेजारी दहावर टांगली, आणि दहाची बाजूच्या रिकाम्या खुंटीवर. दुपारी मोजे वाळले, मी सगळं परत लावलं. परत म्हणजे... लावलं.

हसू नका अजून. पुढे आहे.

पुढच्या आठवड्यात मेस्त्रींनी नव्या रायफली तपासायला घेतल्या. जड गोळी. मेस्त्रींचा घोळका, म्हणजे पाच भोकांचा पसारा, एरवी बारा मिलिमीटरचा. आता आला बावीस. नियमात पंचवीसपर्यंत चालतं. दुसरा कुणीही सही करून मोकळा झाला असता. मेस्त्रींनी केली नाही. दुसरी रायफल, एकवीस. तिसरी, तेवीस. सेहेचाळीस रायफली, एकीच्याही कागदावर सही नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "बरं वाटत नाही." आम्हाला वाटलं त्यांची तब्येत. त्यांना म्हणायचं होतं, रायफल.

मग कुजबुज. आर्वोचे डोळे गेले. हिल्काबाईंनी प्रेमाने त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. सिर्क्काकाकूंनी बर्फातून नव्वद किलोमीटर गाडी चालवली. नवा चष्मा आला. घोळका बावीसच. मग हिल्काबाई, तितक्याच प्रेमाने, म्हणाल्या की निवृत्ती वर्षभर आधी घेता येते. मेस्त्री म्हणाले, "हं."

आणि मी? मी काय करावं या वेळी? डॉक्टरांकडे असतो ना, मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, तो तक्ता मी बोगद्याच्या टोकाला निशाणाच्या जागी लावला. सकाळी सगळे काचेमागे जमलो. मेस्त्री बसले, दुर्बिणीतून बघितलं. मग म्हणाले, "लास्से, कुठलं अक्षर?"

मी म्हटलं, "तुम्हाला दिसेल ते, मेस्त्री!"

केवढे हसलो आपण! त्यांनी त्यांची स्वतःची जुनी रायफल काढली, पाच गोळ्या झाडल्या आणि कॉफी प्यायला गेले. तक्ता काढायला मी गेलो. खालून दुसऱ्या ओळीतला 'ओ'. पाचही त्याच्या पोटात. बाहेरची रेघ शाबूत.

तिथेच उभा राहून मी बोट लावून बघितलं. डोळे ठीक, हात ठीक. मग काय बिघडलंय?

संध्याकाळी मेस्त्री माझ्या मशीनपाशी आले. हातात नव्यातली एक रायफल आणि नळी पुसायचा गज. गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, गजावर खडूची खूण केली, नळीत ढकलत गेले. गज फिरत फिरत आत गेला. खूण एक फेरी करून वर आली तिथे थांबले आणि गज किती इंच आत गेला ते मोजायला मोजपट्टी माझ्या हातात दिली.

"वाच."

"दहा," मी म्हटलं.

"माझे डोळे गेलेत म्हणून तुला विचारलं," ते म्हणाले.

मी तेव्हा सहा महिन्यांच्या बोलीवर होतो. एवढी मोठी चूक म्हणजे घरी. ते त्यांनाही ठाऊक. म्हणाले, "मी सांगितलं तर तुला काढतील. तू जाऊन सांगितलंस तर बहुतेक नाही. सोमवारी सांग."

मी सोमवारी सांगितलं नाही.

मंगळवारी ते कप घेऊन आले. "लास्से, आज वार कोणता?"

"मंगळवार, मेस्त्री."

"हो का. मला वाटलं, सोमवार यायचाय अजून."

रोज! पाच आठवडे रोज हेच. बुधवारी, गुरुवारी. जत्रेला जातात तसे कॉफी घेऊन यायचे. कुणाला एक शब्द नाही. काकू, त्यांच्याकडे असं बघू नका. तुम्ही नव्वद किलोमीटर गाडी चालवलीत आणि त्यांनी तुमच्यापासूनही लपवलं, पण ते माझ्यासाठी. रागवायचं तर मी इथे उभा आहे, अंतर कमी आहे.

तर हिल्काबाई, मघाशी तुम्ही फार सुंदर बोललात. "आर्वोच्या डोळ्यांनी आपल्याला एकतीस वर्षं दिली, आता त्यांना विसावा मिळो." पितळी पाटीवरही तेच कोरलंय. बाई, ते चुकीचं आहे. त्या डोळ्यांनीच ओळखलं होतं. आंधळे आम्ही होतो, आणि मी तर जाणूनबुजून.

सोमवारी तुइयाताई खुर्चीत बसतील. घोळका बावीस, नियमात बसतो, त्या सही करतील. त्यांची चूक नाही. आणि सेहेचाळीस रायफली उत्तरेतल्या क्लबाकडे जातील, हिवाळी स्पर्धेला, उघड्यावर, उणे पंचवीसला. तिथे एखादी मुलगी वर्षभर सराव करून आडवी पडलेली असेल आणि गोळी कागदावर आडवं भोक पाडेल. तिला वाटेल, आपलेच डोळे गेले.

म्हणून हे सेहेचाळीस कागद. सहीची जागा रिकामी ठेवलीय, ती माझी नाही. पिळाच्या रकान्यात छापलेला आठ खोडून मी माझ्या अक्षरात दहा लिहिलंय, आणि खाली, चूक कुणाची, तेही. घ्या बाई. अक्षर वाईट आहे, पण वाचता येतं.

...

काय म्हणालात, मेस्त्री? मोठ्याने म्हणा, लोक मागे आहेत.

"निवृत्ती घेतोच. मासे वाट बघतायत. पण नव्या सेहेचाळीस मी तपासणार."

ऐकलंत? मोजा, साताच्या वर गेले! काकू, टाळ्या तुम्ही आधी सुरू केल्यात, हे मी लक्षात ठेवीन.

हिल्काबाई, तुम्ही मान हलवताय ती हो म्हणून की मला घरी पाठवायला, हे मला इथून कळत नाही. काहीही असलं तरी पाटी परत कोरायला द्या, खर्च माझ्याकडून. माझा निर्णय केक झाल्यावर सांगा, एवढी विनंती.

मला बोलू दिलंत, आर्वो मेस्त्रींनी इतके दिवस गप्प राहू दिलं, त्याबद्दल दोघांचे आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाची थट्टा जरा खोल गेली असेल, तर ते पोटात घाला. त्या नळ्या मात्र पोटात घालू नका. त्या माझ्याकडे परत पाठवा.